आरंभबिंदू हलवला आणि उत्तर बदललं

अल्फा कण, म्हणजे हेलियमचं केंद्रक, हायड्रोजनच्या अणूजवळून जाताना त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन हिसकावून नेतो, याची शक्यता काढण्यात माझे कितीतरी महिने गेले. प्रश्न दिसायला सोपा होता. इलेक्ट्रॉन एक, केंद्रकं दोन. इलेक्ट्रॉन पकडला की अल्फा कणाचा हेलियम आयन होतो; त्याच्या दुसऱ्या पातळीची बंधनऊर्जा 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे हायड्रोजनच्या तळपातळीइतकीच. कमी वेगाला इलेक्ट्रॉन मुख्यतः तिथेच जातो. शिवाय केंद्रकं स्थिर धरली तर श्रोडिंगरचं समीकरण नेमकं सुटतं. त्यातून मिळणाऱ्या, दोन्ही केंद्रकांना व्यापणाऱ्या रेण्वीय कक्षा घेतल्या, केंद्रकं सरळ रेषेत चालवली आणि प्रोग्राम लिहिला.

ऊर्जा घेतली दर न्यूक्लिऑनमागे (केंद्रकातल्या प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे) 4 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. सगळ्या शक्यतांची बेरीज बरोबर 1 येत होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. मग सरांनी विचारलं, "आरंभबिंदू कुठे धरलास?" म्हणजे जिथून अंतरं मोजतो ती जागा. माझा प्रोटॉनवर, हायड्रोजनच्या केंद्रकावर होता. तो अल्फा कणावर नेला, बाकी एक ओळही बदलली नाही, आणि क्रॉस सेक्शन, म्हणजे पकडीच्या शक्यतेचं क्षेत्रफळात दिलेलं माप, वेगळाच आला. टक्कर तीच, इलेक्ट्रॉन तोच! त्या रात्री झोप लागली नाही.

प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात दोन आठवडे गेले. चूक तिथे नव्हतीच. माझ्या कक्षा स्थिर केंद्रकांच्या होत्या, पण पकडलेला इलेक्ट्रॉन अल्फा कणाबरोबर पळत असतो. या ऊर्जेला तो वेग सेकंदाला सुमारे 875 किलोमीटर. त्यापोटी इलेक्ट्रॉनला मिळणारी गतिज ऊर्जा जेमतेम 2.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट. तेवढी धरली नाही म्हणून केंद्रकं कितीही लांब गेली तरी काही अवस्था एकमेकींशी जोडलेल्याच राहत होत्या. टक्कर संपायचीच नाही. बेरीज 1 येते याचा अर्थ इलेक्ट्रॉन हरवला नाही एवढाच. तो योग्य जागी पोचला का, हे ती सांगत नाही.

उपाय बेट्स आणि मॅकॅरोल यांनी 1958 मध्येच दिला होता: प्रत्येक अवस्थेला तिच्या केंद्रकाच्या वेगाचा कलागुणक (केंद्रकाबरोबरची इलेक्ट्रॉनची चाल धरणारा गुणक) जोडायचा. रेण्वीय कक्षांत हे किचकट होतं, कारण केंद्रकं जवळ असताना इलेक्ट्रॉन नक्की कोणाचा, हेच ठरत नाही. म्हणून प्रोटॉनकडून अल्फा कणाकडे हळूहळू बदलत जाणारं फलन घेतलं. सगळे जोड-घटक (अवस्थांना एकमेकींशी जोडणाऱ्या संख्या) पुन्हा मोजले. (आणखी एक राहिलं होतं: मी इम्पॅक्ट पॅरामीटर, म्हणजे कणाची सरळ वाट अणूपासून किती लांबून जाते ते अंतर, फार लवकर थांबवला होता. क्रॉस सेक्शनमध्ये शक्यतेला त्या अंतराने गुणतात, त्यामुळे समोरासमोरची टक्कर जवळजवळ काहीच देत नाही आणि लांबून जाणाऱ्या कणांचा वाटा मोठा असतो.)

मग दोन्ही आरंभबिंदूंचे आलेख एकाच कागदावर काढले. रेघ एकच दिसली. दुसरी तुटक करून पाहिली तेव्हा खात्री पटली.

आता हेलियम आयनच्या चौथ्या पातळीचं काम चालू आहे. प्लाझ्मातल्या हेलियमची ओळख पटवणारी 468.6 नॅनोमीटरची रेषा तिथूनच निघते, आणि या ऊर्जेला तिथला वाटा इतका लहान आहे की माझ्याकडच्या कक्षा पुरत नाहीत.