बाईंचा दोरा

नववीत भूमितीच्या बाईंनी फळ्यावर बाणाच्या टोकासारखा चौकोन काढला आणि म्हणाल्या, "याचे दोन्ही कर्ण काढा." एक कर्ण सहज निघाला. दुसरा मात्र आकृतीच्या बाहेरच पडला. त्या चौकोनाचा एक कोन १८० अंशांपेक्षा मोठा, म्हणजे प्रविशाल होता. "हा अंतर्वक्र चौकोन," बाईंनी सांगितलं.

मी उभी राहिले. "बाई, चारही बाजू सरळ आहेत. मग वक्र कशाला म्हणायचं?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून दोरा काढला, त्याचं एक टोक मला दिलं आणि फळ्यावरच्या आकृतीतले कुठलेही दोन बिंदू निवडायला सांगितले. दोन बिंदूंमध्ये ताणलेला दोरा एकदा जरी आकृतीबाहेर गेला, तरी ती अंतर्वक्र. त्रिकोण, वर्तुळ यांत दोरा कधीच बाहेर जात नाही. चंद्रकोरीत जातो, चांदणीत जातो. बाजू सरळ आहेत की वाकड्या, हे पाहायचंच नाही. इतकी नेमकी व्याख्या मला नंतरच्या कुठल्याच वर्गात मिळाली नाही.

पुढे विज्ञानात अंतर्वक्र आरसा आणि अंतर्वक्र भिंग आलं आणि माझा गोंधळ उडाला. आरसा समांतर किरण नाभीत, म्हणजे एका बिंदूत, गोळा करतो, भिंग मात्र तेच किरण फाकवतं. नाव एक आणि वागणं उलट! चमच्याचं तर विचारूच नका. खोलगट बाजूत चेहरा उलटा, पाठीवर सुलटा आणि लहान. पत्रा तोच.

मी पुन्हा बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, दोरा कोणत्या बाजूला राहतो ते बघ." आरशाच्या काठावरच्या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणला आणि तो चकाकणाऱ्या बाजूला, हवेत राहिला, तर आरसा अंतर्वक्र. भिंगात काचेवरच्या दोन बिंदूंमधला दोरा काच सोडून हवेत गेला, तर ते पृष्ठ अंतर्वक्र. आकार ओळखायची रीत तीच. किरणांचं वागणं निराळं, कारण आरसा प्रकाश परतवतो आणि भिंग तो आरपार जाऊ देतं.

त्याच वर्षी मला उणे दोनचा, म्हणजे अंतर्वक्र भिंगाचा चष्मा लागला. त्या भिंगाचं नाभीय अंतर ५० सेंटीमीटर. घरी येऊन मी आधी दोरा लावून पाहिला. बाहेरच्या बाजूने काच फुगीर होती आणि दोरा एकाच ठिकाणी टेकत होता. मला वाटलं, चुकीची काच बसवलीय. मग डोळ्याकडच्या बाजूने दोरा धरला, तर तिथला खोलगटपणा जास्त निघाला. काच मध्यभागी पातळ आणि कडेला जाड होती. बहुतेक चष्म्यांची भिंगं अशीच असतात. एक बाजू फुगीर असली तरी किरण फाकतात, कारण दुसरी बाजू तिच्यापेक्षा अधिक खोल असते.

एक गोष्ट मला शाळा सुटल्यावर कळली आणि ती बाईंना सांगायची राहून गेली. पाण्यात पातळ काचेची, आत हवा भरलेली अंतर्वक्र भिंगाच्या आकाराची पोकळी धरली, तर ती किरण फाकवत नाही, एकत्र आणते. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, हवेपेक्षा जास्त, म्हणून सगळं उलटतं. दोरा मात्र तेव्हाही तेच सांगतो: आकार अंतर्वक्र.