आजीची राधा

आगोटच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांतलं पुस्तकांना ऊन दाखवणं एवढंच काम घरचे माझ्यावर सोपवतात. काल दुपारी माळ्यावरचा गठ्ठा अंगणात पसरला, त्यात श्री. ना. पेंडशांची कादंबरी 'गारंबीचा बापू' हाती लागली आणि काम तिथंच राहिलं. कव्हर कधीच गेलेलं, शिवण सुटलेली, मधल्या पानांना कसर. समासात मात्र आजीच्या हातचा पेन्सिलीचा हिशोब अजून वाचता येतो: सुपारी किती मण, सोलणावळ किती, कोणाकडून किती येणं.

आमचं गाव दापोली तालुक्यातलं. पेंडसे मुर्डीचे, म्हणजे हाकेच्या अंतरावरचेच. त्यामुळे आमच्याकडे ही कादंबरी कोणी कादंबरी म्हणून वाचतच नाही. ही वाट कुठली, तो पऱ्या (ओढा) कुठला, अमका म्हणजे तमक्याचा कोण, याचाच काथ्याकूट. बापू आमच्याच घराण्यातला, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मला नारळी-पोफळीच्या आगरा-आगरांतून भेटली आहेत. कादंबरीतला, गावाला धाकात ठेवणारा अण्णा खोत मात्र अजून कोणाच्याच घराण्यात निघालेला नाही. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचं वतन, १९४९च्या कायद्यानं गेली, पुस्तक आलं १९५२ साली. तेवढ्यात तालुक्यातले सगळे खोत गरीब स्वभावाचे झाले असावेत.

आजीला मोतीबिंदू झाला तेव्हा पुस्तक वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी ती पडवीत वाळलेली सुपारी सोलत बसायची. शेजारी सालांचा ढीग. त्या सालांचा धुरकट, तुरट वास घशात बसायचा आणि मला दर पानाला खोकला यायचा. कादंबरीतली राधा आली की आजीचे हात थांबत. सोलून सोलून बोटं चिरलेली असायची, म्हणून डोळे पुसायची ते मनगटानं. बापू अख्ख्या गावाला न जुमानता राधेच्या पाठीशी उभा राहतो, तिथं तर मला मागचं पान पुन्हा वाचायला लावायची. "पुरुष असावा तर असा," म्हणायची. आजोबा आत झोपलेले असायचे म्हणून बरं.

त्याच सुमारास वरच्या वाडीतल्या एका विधवा सुनेनं एसटीतल्या ड्रायव्हरबरोबर संसार मांडला होता. जात वेगळी. आजीनं तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. ती विहिरीवर दिसली की आजी कळशी घेऊन माघारी फिरायची. मी विचारलं, "आजी, राधेसाठी रडतेस, मग हिच्याशी का बोलत नाहीस?"

"पुस्तकातलं पुस्तकात. वाच पुढं."

मी वाचलं. आजी पुढच्याच पानावर पुन्हा रडली. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही कोणालाही सांगेन. कोकणात माणसाला दोन काळजं असतात की काय कोण जाणे. एक आगरासारखं रोज शिंपलेलं, दुसरं कातळ.

दादाला रंगभूमीवरचा डॉ. काशिनाथ घाणेकरांचा बापू फार प्रिय. गणपतीत आरती संपली की त्याला हमखास बापूचं बोलणं फुटतं, हातवाऱ्यांसकट. परवा त्याच्याच मुलानं मुंबईहून फोन करून मुलीचं नाव, गाव आणि आडनाव सांगितलं. आडनाव ऐकून दादा म्हणाला, "आपल्याकडे असलं चालत नाही," आणि फोन वहिनीकडे दिला.

लग्न रजिस्टर पद्धतीनं, पुढच्या महिन्यात. मी खेडहून मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट काढून ठेवलंय. दादाला अजून सांगितलेलं नाही. वहिनीनं मात्र काल हळूच विचारलं, परतीचं कुठल्या गाडीचं आहे म्हणून.