लहान बायोटेक कंपनीनं परदेशात पेटंट घ्यावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून: आठ-दहा माणसांच्या बायोटेक कंपनीला परदेशातलं पेटंट परवडतं का, आणि उपयोग काय?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. अशा कंपनीकडे ना कारखाना, ना विक्रेत्यांचं जाळं; विकायला असतं ते पेटंटच. परवाना घ्यायला आलेली मोठी कंपनी आधी पेटंटची तारीख आणि मालकी तपासते.

सगळ्या जगाचं एकच पेटंट मिळत नाही. भारतात पहिला अर्ज करा, १२ महिन्यांच्या आत पीसीटीचा (पेटंट सहकार्य कराराचा) आंतरराष्ट्रीय अर्ज करा. मग पहिल्या तारखेपासून साधारण ३० महिन्यांपर्यंत (भारत, युरोपसाठी ३१) देश निवडता येतात. मधल्या काळात शोध-अहवाल येतो, दाव्यांत (म्हणजे आपण नेमका कशावर हक्क सांगतो त्यात) किती दम आहे ते कळतं. माझ्या मते पीसीटीचे पैसे या मुदतीसाठीच मोजायचे. भारतात राहून थेट परदेशात अर्ज करायचा असेल, तर भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३९ नुसार आधी परवानगी लागते. नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अर्जाआधी परिषदेत लावलेल्या पोस्टरनं किंवा शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढवलेल्या प्रबंधानं. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे, युरोपात तेवढ्यानं नावीन्य गेलं, म्हणजे पेटंटही गेलं. पहिला अर्ज घाईत, तुटपुंज्या माहितीवर केला तर तीच गत: जे त्यात लिहिलेलंच नाही त्याला ती तारीख लागत नाही. एकाच एन्झाइमवर प्रयोग करून त्याच्याशी ‘९० टक्के साम्य असलेले सगळे क्रम’ (एन्झाइमच्या घटकांची रचना) मागितले की परीक्षक दावा छाटतो.

नवा जिवाणू असेल आणि शब्दांत पुरेसं वर्णन होत नसेल, तर तो बुडापेस्ट कराराखालच्या (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) संग्रहात अर्जाआधी जमा करा. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राला (एनसीएमआर) ही मान्यता आहे. तिथली एक पावती सगळ्या सदस्य देशांत चालते. कुपीतला जिवाणू जिवंत आहे का याची चाचणी होते, नसेल तर पुन्हा द्यावा लागतो. म्हणून काही आठवडे हाताशी ठेवा. जिवाणू भारतातल्या मातीतला असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचं कामही वेळेत उरका.

मालकीचे कागद पहिल्या अर्जाआधीच सही करून घ्या. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावरचं अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचं एक युरोपीय पेटंट २०१८ मध्ये रद्द झालं आणि २०२० मध्ये अपिलातही तो निर्णय टिकला. पहिल्या अमेरिकी अर्जातल्या एका अर्जदाराचं नाव पुढच्या अर्जात नव्हतं, त्याचा प्राधान्यहक्कही (पहिल्या अर्जाची तारीख वापरण्याचा हक्क) हस्तांतरित झालेला नव्हता. मग आधीची तारीख गेली आणि मधल्या काळात छापलेलं संशोधन आड आलं.

खरा खर्च तिसाव्या महिन्यात सुरू होतो: प्रत्येक देशाचा वकील, चीन-जपानसाठी भाषांतर, पुढे ठरावीक काळानं नूतनीकरण. जिथे माल खपेल आणि जिथे स्पर्धक तो बनवू शकेल असे दोन-तीन देश घ्या. उपचारपद्धतीवर भारतात आणि युरोपात पेटंट मिळत नाही, अमेरिकेत मिळतं. म्हणून उपचारपद्धतीचे आणि औषधाचे असे दोन्ही प्रकारचे दावे पहिल्याच मसुद्यात बसवा. तोवर भागीदार मिळाला नाही आणि चाचण्यांचे आकडेही कच्चेच असले, तर बाकीचे देश सोडून तो पैसा प्रयोगशाळेकडे वळवा.