चर्चच्या शाळेत बाबा यागा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रशियनच्या वर्गात बाबा यागा या म्हाताऱ्या चेटकिणीच्या वगैरे लोककथा सुरू झाल्या की दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तिकडे पूर्वी चर्चच्या शाळांत या गोष्टी शिकवायचे का?" आपल्याकडे कीर्तनात आख्यान, श्रावणात कहाणी. देवधर्माचं आणि गोष्टींचं वाकडं असेल, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

तर, नाही. निदान विषय म्हणून नाही. जुन्या पद्धतीत आधी अक्षरांची नावं घोकायची: अझ, बुकी, वेदी. 'बा' म्हणायचं तर "बुकी-अझ, बा". मग प्रार्थनांची पोथी, मग स्तोत्रं, सगळं चर्च-स्लाव्हॉनिकमध्ये, म्हणजे घरात कुणी बोलत नाही अशा पोथीच्या भाषेत. १८८४ साली गावोगावच्या चर्चशाळांचे नियम झाले, त्यात धर्मशिक्षण, चर्चमधलं गायन, वाचन, लेखन, हिशेब. गोष्टींचा तास नाही. बाबा यागा भेटायची ती घरी, आजीकडून.

चर्चचा राग जुना होता. १६४८ च्या झारच्या फर्मानात सोंगाड्यांबरोबर 'न घडलेल्या गोष्टी' सांगणाऱ्यांनाही दम भरलाय. शिवाय या गोष्टींत गावचा पाद्री, 'पोप', हटकून लोभी आणि बावळट. (रोमचे पोप वेगळे, हा खुलासाही दर बॅचला.) कवी पुश्किननं १८३० साली अशीच एक गोष्ट पद्यात लिहिली. बाल्दा नावाचा गडी पाद्र्याकडे वर्षभर राबतो. मोबदला काय, तर खायला शिजवलेली पोल्बा, म्हणजे आपली खपली, आणि वर्षाअखेर पाद्र्याच्या कपाळावर तीन टिचक्या! पहिल्या टिचकीला पाद्री आढ्यापर्यंत उडतो, दुसरीला वाचा जाते, तिसरीला डोकं फिरतं. पुश्किन गेल्यावर १८४० मध्ये ती छापली, तेव्हा सेन्सॉरच्या धाकानं पाद्र्याचा व्यापारी करावा लागला. टिचक्या तेवढ्या राहिल्या.

मला मजा वाटते ती पुढच्या भागाची. १८४० च्या दशकाच्या अखेरीस रशियन भूगोल संस्थेनं लोकजीवनाची प्रश्नावली गावोगाव पाठवली. खेड्यात लिहिता येणारं माणूस कोण? बऱ्याचदा पाद्रीच. चालीरीती, म्हणी, गोष्टी अशा कितीतरी नोंदी पाद्र्यांच्याच हातच्या आल्या. संस्थेनं आपल्याकडच्या लोककथा संग्राहक अफानास्येवना दिल्या आणि १८५५ ते १८६३ या काळात त्यांचा आठ भागांचा संग्रह निघाला. त्यांच्याच दंतकथांच्या पुस्तकावर मात्र बंदी आली; त्यात संत साध्या माणसांसारखे गावात भटकतात, ते चर्चला सोसलं नाही.

शाळेच्या पुस्तकात लोककथांना मानाची जागा दिली ती शिक्षणतज्ज्ञ उशिन्स्कींनी, १८६४ च्या 'रोद्नोये स्लोवो' (मायबोली) या वाचनाच्या पुस्तकात. मुलांना गोष्ट सांगण्यात लोकांच्या प्रतिभेशी कुणी बरोबरी करू शकेल असं त्यांना वाटत नव्हतं. मलाही नाही वाटत.

वर्गात मी पहिली गोष्ट घेते ती सलगमची. आजोबा ओढतात, आजी ओढते, नात ओढते, कुत्री ओढते, सलगम काही उपटेना. शेवटी उंदीर येतो, हे सगळ्यांना पाठ. पण अफानास्येवच्या संग्रहात, उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्कच्या पाठात, उंदीर नाहीच. तिथे येतो एक पाय. नुसता पाय! मग दुसरा, तिसरा, असे पाच पाय मिळून सलगम उपटतात. कुणाचे पाय? छापताना अफानास्येवनीही तिथे कंसात प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय.