फोनमधली गाठ

रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीतून फोन आला. सहा महिन्यांचं बाळ, उजव्या जांघेत गाठ, आत जात नाहीये. मी पोचले तेव्हा रडून रडून त्याचा आवाज बसला होता, एक उलटीही झाली होती.

आईनं आधी फोनच पुढे धरला. "मॅडम, बघा, मी खोटं नाही बोलत." तीन आठवड्यांपूर्वीचा फोटो: बाळ रडतंय, जांघेत लिंबाएवढा फुगवटा. ज्या डॉक्टरांना तिनं दाखवलं, त्यांच्यासमोर बाळ गाढ झोपलेलं होतं. गाठ गायब. "वाढीबरोबर जाईल" म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून सासू-सुनेनं त्याला आळीपाळीनं खांद्यावर वागवलं होतं, रडला की गाठ येते म्हणून.

मला या सल्ल्याचा फार राग येतो. झोपेत आत जाणारी गाठ हेच तर जांघेतल्या अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं लक्षण. तो आपोआप बरा होत नाही, आणि आतडं अडकायची भीती पहिल्याच वर्षात सगळ्यात जास्त.

झोपेचं औषध देऊन बोटांनी हळूहळू दाब देत राहिले. दहाएक मिनिटांनी गुडगुडलं आणि आतडं आत सरकलं. सूज उतरू दिली, तिसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनला घेतलं.

"जाळी बसवणार ना? आमच्या अण्णांना बसवली होती," वडिलांनी विचारलं. मुलांना जाळी लागत नाही. त्यांचे स्नायू कमजोर नसतात. वृषण पोटातून खाली उतरतं ती वाट बुजायची राहिलेली असते, एवढंच. हे बाळ तर ३२व्या आठवड्यात जन्मलेलं.

बेंबीतून ५ मिलिमीटरची दुर्बीण घातली. आतडं छान गुलाबी होतं, उजवीकडची वाट सताड उघडी. कॅमेरा डावीकडे वळवला, तर तिकडेही तसंच भोक! फोटोत ती बाजू सपाट होती. अशा प्रत्येक वाटेतून पुढे हर्निया येतोच असं नाही, पण या बाळाला पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटलं. संमती दोन्ही बाजूंची घेतलेली होती. तीही बंद करायची ठरवली.

शुक्रवाहिनी पोटाच्या अस्तराखालून पांढऱ्या दोऱ्यासारखी जाते. अस्तराखाली थोडं सलाईन सोडलं की अस्तर फुगून तिच्यापासून सुटं होतं, आणि मधल्या फटीतून सुई न्यायची. तेवढ्या जागेत मी आजही श्वास रोखते. पोट फुगवायला सोडलेला वायू त्या उघड्या वाटेच्या पिशवीत शिरला होता, तो दाबून पोटात परत लोटला, मग टाका आवळला. दोन्ही बाजूंना तसंच. बाहेरून दिसायला जांघेत सुईच्या टोचण्याएवढ्या दोन खुणा.

मुदतीआधी जन्मलेलं म्हणून रात्रभर श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. संध्याकाळी राउंडला गेले, तर बाळ भुकेनं भोकाड पसरून रडत होतं. आजी धावल्या, "अगं घे त्याला, रडवू नकोस!"

आईनं लंगोट बाजूला सारला होता. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे.

"थांबा आई, रडू दे जरा."