कारभारी, मूठभर तांदूळ आणि मिशनची जागा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी एक महिना 'स्टुअर्डशिप'चा असतो. पाळक दशमांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्यावर, संदेश देतात, मग एक कार्ड वाटतात, त्यावर आपण वर्षभरात किती देणार ते लिहायचं आणि थैलीत टाकायचं, झालं. यावर्षी तरुण संघासमोर दहा मिनिटं या विषयावर बोलायला मला सांगितलं आणि मी पहिल्याच वाक्याला अडकले, कारण स्टुअर्डशिपला मराठीत काय म्हणायचं? आपल्या शास्त्रात, बायबलमध्ये, शब्द आहे की, 'कारभारी'. पेत्राच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, देवाच्या कृपेचे चांगले कारभारी व्हा असं सांगितलंय. लहानपणापासून वाचतोय पण डोक्यात मात्र 'फंड जमा करणे' एवढंच बसलंय.

खरं तर कारभारी हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. गावाकडे बाई नवऱ्याला हाक मारते 'अवं कारभारी', वाड्याचा कारभारी वेगळा, देवस्थानाचा वेगळा. आणि सगळ्यांना माहीत असतं की कारभारी म्हणजे मालक नाही. मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस', त्यातही घर आणि व्यवस्था हेच दोन तुकडे आहेत, म्हणजे घर चालवणारा माणूस. आता घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी चालवतं कोण हे मी सांगायची गरज नाही 😄

लूकच्या शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायातला तो लबाड कारभारी घ्या. नोकरी जाणार हे कळल्यावर तो मालकाच्या कुळांना बोलावतो आणि कागद बदलायला लावतो, शंभर मापं तेलाची पन्नास कर, शंभर मापं गव्हाची ऐंशी कर. परदेशी लेखकांनी लिहिलेली स्पष्टीकरणं वाचली की वाटतं त्यांना हा दाखला फारच अवघड जातोय, मालकाने या चोराचं कौतुक का केलं वगैरे. पण ज्यांच्या घरात खंडाने जमीन कसायच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात त्यांना ती वही, तो अंगठा, तो मधला माणूस लगेच दिसतो. मधला माणूस वाईट निघाला तर कूळही मरतं आणि मालकाचं नावही खराब होतं. एका सहीने वीस मापं गहू कमी होतो, एवढी ताकद कारभाऱ्याच्या हातात असते, ही गोष्ट आशियातल्या शेतकऱ्याला वेगळी समजवावी लागत नाही.

आता तांदळाबद्दल, हे मला सगळ्यात आवडलेलं. मिझोराममध्ये 'बुहफाई थाम' म्हणजे मूठभर तांदूळ अशी पद्धत आहे, 1910 च्या सुमाराला सुरू झालेली. घरातली बाई स्वयंपाकाला तांदूळ मोजून घेते आणि शिजायला टाकायच्या आधी त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते. मग मंडळीतल्या बायका घरोघर जाऊन तो तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश पोचवायच्या कामाला जातो. तेव्हा लोकांकडे रोकड नव्हतीच, पगार नाही तर दशमांश कशाचा काढणार? आज त्याच मुठींचा वर्षाचा हिशोब कोटींत जातो. ब्रिटनमधून आलेल्या मिशनऱ्यांनी सुवार्ता आणली हे खरं, पण ही मूठ वाढली ती तिथल्या चुलीपाशी. मिझो लोकांत ख्रिस्ती होण्याच्या आधीपासून 'त्लॉमङाइहना' नावाची एक शिस्त आहे, आपल्याआधी दुसऱ्याचं बघायचं, न सांगता मदतीला धावायचं, त्या मातीत हे रुजलं.

कोरियातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असंच काहीतरी झालं, पैसा नाही म्हणून लोक दिवस अर्पण करायचे, अमुक इतके दिवस मी शेजारच्या गावात जाऊन सुवार्ता सांगीन असं लिहून द्यायचे. म्हणजे कार्ड तेही भरायचे, फक्त त्यावर आकडा दिवसांचा असायचा.

आणि लांब कशाला जायचं, आपल्याकडे मुष्टिफंड होताच ना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये काढली, वसतिगृहातल्या पोरांना जेवायला घालायला घराघरातून मूठ मूठ धान्य मागितलं. वासुदेवाला दिलेला पसा, वारकऱ्याला वाढलेली भाकरी, हे सगळं एकाच घरातलं आहे. त्यामुळे कुणी 'दान ही ख्रिस्ती शिकवण' असं छाती फुगवून सांगितलं की मला जरा अवघडल्यासारखं होतं.

पण एक गोष्ट मला खटकते. आपल्याकडे त्यागाचं फार कौतुक. सगळं सोडून गेला की माणूस मोठा. नारायण वामन टिळक सुद्धा शेवटी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासी झाले आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. मला टिळक अतिशय प्रिय आहेत, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलेला हा माणूस. तरी विचार येतो की संन्यासी सोडतो, कारभारी सोडू शकत नाही. त्याला थांबावं लागतं, संध्याकाळी वही उघडावी लागते, छपराची गळती बघावी लागते. त्यागापेक्षा हे कंटाळवाणं काम आहे, म्हणून आपल्याला नको असतं. पंडिता रमाबाईंकडे बघा, 1896-97 च्या दुष्काळात शेकडो मुली बायका केडगावला आणल्या, मग विहिरी, शेती, छापखाना, शिवणकाम, रोज इतक्या जणींचं दोन वेळचं जेवण. त्यांचं हे मुक्ति मिशन म्हटलं की लोकांना प्रार्थना आणि संजीवन, म्हणजे तिथली धार्मिक जागृती, आठवतं, मला तिथलं कोठीघर आठवतं, धान्य कमी पडू नये म्हणून कुणीतरी रोज मोजत बसलं असेल.

आणि आता नाईलाजाने मिशनच्या जागांबद्दल. नावं घेत नाही. शाळा, दवाखाने, बंगले, कब्रस्तानं, शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्यासाठी ठेवलेली, आणि आपण काय केलं? निम्मं भाडं कुणाच्या खिशात, निम्मं कोर्टात. बायबलमधल्या लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव स्पष्ट सांगतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात, कायमची विकू नका. आपल्या ट्रस्टींना 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यावा लागतो, मराठीत त्यांना म्हणतात विश्वस्त, म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला तो. इतका सुंदर शब्द आणि वार्षिक सभेला ताळेबंद मागितला की सगळे चिडतात. मी एकदा मागितला होता, चहा मिळाला, ताळेबंद नाही मिळाला.

म्हणून त्या दिवशी मी दशमांशावर बोललेच नाही. मिझोरामचं सांगितलं. मूठ शिजायच्या आधी काढायची, उरलेल्यातून नाही, आणि ती काढणारीला कुणी विचारत नाही की तू किती देतेस, एवढंच दहा मिनिटात झालं. पोरांना कितपत पोचलं माहीत नाही, दोघंजण मोबाईलमध्येच होते.

उपासना संपल्यावर मागच्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या मावशी काठी टेकत आल्या. सलाम केला, हात धरून बाजूला नेलं आणि हळूच म्हणाल्या, "ते तांदळाचं चांगलंय बाळा. पण मला एक सांग, मूठ कुणाची धरायची, माझी का सुनेची? तिची लई बारकी हाय."