पाटीवर ६०, गाडीत २९

मे महिन्यात कोकणात घरी गेले तेव्हा दादा मुंबईला न्यायला आला तो नव्या इलेक्ट्रिक गाडीतून. दिवाळीत घेतलेली, ४५ किलोवॉट-तासांची बॅटरी. फोनवर तिचं कौतुक महिनोन्महिने ऐकत होते. मुंबईत आत्याच्या सोसायटीत रात्री चार्जिंगला लावायची सोय नव्हती, त्यामुळे निघालो तेव्हाच बॅटरी पूर्ण भरलेली नव्हती. महाडच्या पुढे २२ टक्के उरले आणि महामार्गावरच्या एका हॉटेलच्या आवारात शिरलो. मोठी हिरवी पाटी होती : फास्ट चार्जिंग, ६० किलोवॉट. दोन गन, म्हणजे गाडीला लावायचे केबलचे प्लग. एकीवर आधीच गाडी लागलेली. दादाने दुसरी गन लावली, मोबाइलवर सोपस्कार केले आणि पडद्यावर आकडा आला, २९.

"अगं, ६० लिहिलंय ना? गाडीत काही बिघाड नाही ना?" दादाचा चेहरा उतरला होता.

गाडी ठणठणीत होती. मी नॉर्वेत, बर्गनला राहायला गेल्यापासून सात वर्षं असेच आकडे बघते आहे, त्यामुळे काय झालंय ते लगेच लक्षात आलं. त्या हॉटेलात तासभर बसून दादाला जे समजावलं तेच आज इथे लिहिते आहे. गावाकडे आता बरेच जण अशी गाडी घेण्याच्या विचारात आहेत आणि मला सारखे मेसेज येतात की तिकडे कसं असतं, इकडे कुठला चार्जर चांगला.

पाटीवरचा आकडा त्या यंत्राची एकूण ताकद सांगतो. दोन गनवर दोन गाड्या आल्या की ती वाटली जाते. साठाचे तीस-तीस होतात. नव्या यंत्रांत ही वाटणी गरजेप्रमाणे बदलते, जुन्यांत सरळ निम्मी. आमच्या शेजारची गाडी तेव्हा ९३ टक्क्यांवर होती आणि जेमतेम १२ किलोवॉट घेत होती. तिच्या वाट्याचे उरलेले १८ किलोवॉट कुणाच्याच कामी येत नव्हते.

ती १२ च का घेत होती? लिथियम बॅटरी भरत आली की प्रत्येक सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेशी पोचतं. त्यापुढे जोर लावला तर सेल खराब होतो, म्हणून गाडी स्वतःच प्रवाह कमी करत नेते. १० ते ८० टक्के व्हायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच शेवटच्या वीस टक्क्यांना लागू शकतो. चार्जर कितीही मोठा असला तरी याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट गुणाकाराची. किलोवॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची बॅटरी साडेतीनशे-चारशे व्होल्टच्या आसपास असते. गनची केबल २०० अँपिअरची असेल तर ३५० गुणिले २०० म्हणजे ७० किलोवॉट. पाटीवर १२० लिहिलेलं असो की १८०, त्या केबलमधून साडेतीनशे व्होल्टच्या गाडीला सत्तरच्या वर काही येणार नाही. ह्युंदाईची आयोनिक ५ किंवा कियाची ईव्ही ६ या ८०० व्होल्टच्या वर्गातल्या गाड्या. त्याच केबलमधून त्या जवळजवळ दुप्पट घेतात. बर्गनकडे ३०० किलोवॉटच्या पुढचे चार्जर आहेत, त्यांच्या केबलच्या आत थंड करणारा द्रव फिरतो. ती केबल ५०० अँपिअर सोसते. साधी केबल तेवढ्यासाठी करायची तर इतकी जाड होईल की माणसाला उचलवणार नाही.

आणि या सगळ्याच्या वर गाडीची स्वतःची मर्यादा. दादाच्या गाडीची साठच्या आसपास आहे. तिला ३५० किलोवॉटच्या चार्जरवर लावली तरी ती साठच मागणार. चार्जर वीज ढकलत नाही, गाडी मागेल तेवढीच देतो. "मोठ्या चार्जरवर लावली तर बॅटरी जळेल का?" असं मला वहिनीसकट तिघांनी विचारलं. नाही जळणार.

आता गन बसते की नाही याचं. चारचाकीपुरतं भारत आणि युरोप यांचं चांगलं जुळलं आहे. दोन्हीकडे सीसीएस-२ हाच जलद चार्जिंगचा प्लग आहे. वर सात पिनांचा गोल, खाली दोन जाड पिना. पण जुनी गाडी घेताना नीट बघा. आपल्याकडच्या सुरुवातीच्या काही गाड्या भारत डीसी-००१ या पद्धतीच्या आहेत, १५ किलोवॉटपर्यंतच्या आणि चिनी जीबी/टी प्लगच्या. त्यांना नव्या स्टेशनवर गन मिळणं कठीण. दुचाकीचं जलद चार्जिंग तर पूर्ण वेगळं. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने हलक्या वाहनांसाठी वेगळा प्लग मान्य केला, तो मुळात एथर या स्कूटर कंपनीचा. भाच्याला वाटत होतं की कारच्या चार्जरवर त्याची स्कूटर पाच मिनिटांत भरेल. त्याला ती गनच बसणार नाही. नॉर्वेत हीच अडचण जुन्या निसान लीफवाल्यांची. त्यांचा प्लग चाडेमो. जपानी भाषेत त्या नावाच्या उच्चारात "चहा तरी घेऊ या" असाही अर्थ लपलेला आहे, गाडी भरेपर्यंत चहा होतो म्हणून. नव्या स्टेशनांवर चाडेमोच्या गन आता फार कमी बसवतात. माझ्या शेजारच्या आजींकडे अजून अशी गाडी आहे. गावाबाहेर जायचं तर त्या आदल्या दिवशी नकाशा घेऊन बसतात.

प्लग बसला तरी बोलणं जुळावं लागतं. गन लावल्यावर गाडी आणि चार्जर त्याच तारेतून एकमेकांशी बोलतात : किती व्होल्ट, किती अँपिअर, इन्सुलेशन ठीक आहे ना. हे सगळं पटल्यावरच जाड पिनांमध्ये वीज सोडली जाते. म्हणून पावसात गन लावायला घाबरू नका. पण यातली एक पायरी चुकली की चार्जिंग सुरूच होत नाही. परतीच्या वाटेवर चिपळूणच्या अलीकडे एका नव्या कोऱ्या स्टेशनवर आमचं तेच झालं. तीनदा लावली, तीनदा एरर. पिनांवर ओल होती की सॉफ्टवेअरचं काही होतं, कोण सांगणार? दाराशी एक वॉचमन, त्याच्याकडे फक्त एक फोन नंबर, आणि तिथे रेंज नाही. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने दाराच्या बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत खातात. या पिनांची निगा कोण राखणार, हे स्टेशन उभारतानाच ठरायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पैशांचं तर सांगूच नका. तीन स्टेशनं, तीन ॲप, तीन वॉलेट. माझ्या नॉर्वेच्या नंबरवर ओटीपी येईना, सगळं दादाच्या फोनवर. नॉर्वेतही हाच वैताग वर्षानुवर्षं होता. शेजारच्या युरोपीय संघात १३ एप्रिल २०२४ पासून नियम लागू झाला की ५० किलोवॉट आणि त्यावरच्या नव्या सार्वजनिक चार्जरवर साध्या बँक कार्डाने पैसे घेतलेच पाहिजेत. आपल्याकडे टपरीवर यूपीआय चालतं. चार्जरवर नुसता क्यूआर चिकटवून काम का होऊ नये?

पण त्या दिवशी हॉटेलात मला सगळ्यात जास्त लागलं ते शेजारच्या गाडीच्या काकांचं बोलणं. दादाने विचारलं, "काका, अजून किती वेळ?" ते म्हणाले, "शंभर होऊ दे रे बाबा. मला सावंतवाडी गाठायची आहे, पुढे गन चालू मिळेल याचा भरवसा नाही."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पुढचा चार्जर चालू असेल याची खात्री नाही म्हणून माणूस इथे शंभर टक्के करतो, शेवटच्या वीस टक्क्यांसाठी गन अडवून बसतो, आणि मागच्याला ६० च्या जागी २९ मिळतात. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. तिथेही ईस्टरला शहरं रिकामी होतात, सगळे डोंगरातल्या लाकडी घरांकडे निघतात, अगदी आपल्या गणपतीसारखे. चार्जरवर रांगाही लागतात. पण एकेका ठिकाणी वीस-वीस गन असतात, पुढच्या गावातही तेवढ्याच, म्हणून लोक सत्तर-ऐंशीवर गन काढून पुढे निघतात. बर्गन ते ओस्लो साडेचारशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, वाटेत बर्फाचं पठार. तिथे थंडीत माझ्या गाडीला ३५० च्या पाटीखाली एकदा ४१ मिळाले होते, कारण बॅटरी गारठलेली होती. तरी मी घाबरले नाही. पुढे दुसरी सोय आहे हे ठाऊक होतं.

तेव्हा कोकणाला ३५० किलोवॉटचा एक देखणा चार्जर नको आहे. माणगाव, खेड, संगमेश्वर, राजापूर, कणकवली अशा ठिकाणी साठ-साठाच्या सहा-सहा चालू गन हव्यात.

"एवढी वीज आणायची कुठून? आपल्या वाडीचा डीपी पंखे लावले तरी उडतो," दादा म्हणाला. प्रश्न खरा आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. याचं एक उत्तर मी राहते त्या किनाऱ्यावर पाहिलं आहे. बर्गनच्या उत्तरेला सोग्नेफ्योर्डवर लाव्हिक ते ओप्पेदाल अशी फेरीबोट चालते. २०१५ मध्ये तिथे अँपेरे नावाची, मोटारी वाहून नेणारी जगातली पहिली पूर्ण बॅटरीवरची बोट सुरू झाली. दोन्ही काठांची गावं लहान, तिथल्या तारांना एवढा भार एकदम पेलणार नव्हता. म्हणून धक्क्यावरच बॅटऱ्या ठेवल्या. बोट पाण्यात असते तेव्हा त्या गावच्या लाइनवरून सावकाश भरतात, आणि बोट लागली की दहा मिनिटांत तिला वीज देतात. दाभोळ-धोपावे फेरीत गाडी चढवताना मला दर वेळी तो धक्का आठवतो. चार्जिंग स्टेशनलाही हेच लागू पडतं. रात्रभर सावकाश भरणारी एक मोठी बॅटरी मागे ठेवली, तर लहान ट्रान्सफॉर्मरवरही चार गाड्या जोरात भरता येतील. वाडीतले दिवे मंद होणार नाहीत.

रोजच्या वापराला यातलं काहीच लागत नाही, तेही सांगून ठेवते. दादाने पडवीत पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग करून घेतलं आहे. त्यातून ३.३ किलोवॉट मिळतात. रिकामी गाडी भरायला चौदा-पंधरा तास, पण रिकामी कोण करतं? चिपळूणला जाऊन आला की रात्री लावतो, सकाळी तयार.

परवा मी ऑफिसातून बाहेर पडले तेव्हा इकडे पाऊस कोसळत होता. दादाचा फोटो आला. त्याच महाडच्या पुढच्या हॉटेलातल्या चार्जरचा पडदा : ३१ टक्के, ५७ किलोवॉट. खाली लिहिलं होतं, "शेजारचा ८० ला उठला. मीही उठणार. मागे एक बाई थांबल्यात."